यंत्र आलं, यंत्र गेलं

गुरुजींच्या घरातलं यंत्र सुरू झालं की त्यांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, म्हणायच्या, "आलं." ते बंद झालं की म्हणायच्या, "गेलं." मावशींची सगळी नोकरी टेलिफोनच्या कचेरीत झाली होती. लाइन जोडली गेली की तुटली एवढंच सांगायचं आणि मध्ये स्वतःचं मत घालायचं नाही, ही सवय त्यांच्या हाडात मुरली होती. पण त्या थंडीत हे "आलं" आणि "गेलं" इतकं वाढलं की भिंतीपलीकडच्यांना वाटायला लागलं, गुरुजींकडे कुणीतरी फार चंचल पाहुणा उतरलाय.

यंत्र होतं ते घर उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम ठेवणारं. गॅलरीत त्याचं धूड बसवलेलं होतं. तिथून पत्र्याचे चौकोनी नळ छतालगत सगळ्या खोल्यांतून फिरवलेले, आणि प्रत्येक खोलीत वर एक जाळी, तिला हव्या त्या बाजूला वळवता येणाऱ्या पात्या. हॉलच्या भिंतीवर, गुरुजींच्या आरामखुर्चीच्या जरा वर, एक पांढरी डबी होती. तिचं खरं नाव थर्मोस्टॅट, पण घरात तिला डबीच म्हणत. हवा किती गरम झाली ते डबीने बघायचं आणि यंत्राला सांगायचं, चल, नाहीतर थांब. उन्हाळाभर ही जोडी शहाण्यासारखी वागली. थंडी पडली आणि दोघांचं काय बिनसलं कोण जाणे. यंत्र घरघरत सुरू व्हायचं, गरम वारा यायचा, सोफ्यावरचा माणूस अंगावरची शाल काढावी की काय असा विचार करायला लागायचा, तेवढ्यात खट्ट. बंद. जरा वेळाने पुन्हा घरघर, पुन्हा खट्ट. दिवसभर हा उद्योग, आणि घर मात्र गारच.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे झालं असतं तर गुरुजींनी हसत हसत समजावून सांगितलं असतं. जन्मभर त्यांनी लहान मुलांना विज्ञान शिकवलं. पातेल्यावरचं झाकण का उडतं, लोखंडी कडी हाताला लाकडापेक्षा गार का लागते, हे त्या भागातल्या निम्म्या लोकांना गुरुजींमुळे ठाऊक होतं. उष्णता हा तर त्यांचा लाडका धडा. आणि आता तीच उष्णता त्यांच्याच हॉलमध्ये त्यांच्या देखत उनाडक्या करत होती.

तरीही एवढ्यावर भागलं असतं, पण मुलीचा फोन आला. मुलगी मोठमोठ्या दुकानांचे हिशेब तपासायची. समोरच्याने दोन वाक्यं बोलावीत आणि तिने त्यातलं नेमकं न बोललेलं तिसरं पकडावं, असा तिचा कामाचा शिरस्ता होता, आणि तो ती माहेरीही पाळायची. थंडीच्या सुट्टीत तिची मुलगी पहिल्यांदाच आईबापांशिवाय आजी-आजोबांकडे राहायला येणार होती. नात दुसरीत होती आणि गोल चेहऱ्यामुळे तिला सगळे गोटी म्हणत. गेल्या थंडीत गोटीला खोकल्याने फार सतावलं होतं, म्हणून मुलगी हवेच्या बाबतीत हळवी झालेली. फोनवर सुट्टीचं बोलणं चाललेलं असताना मागे खट्ट झालं. थोड्या वेळाने पुन्हा खट्ट झालं.

"बाबा, हे काय वाजतंय?"

गुरुजी खोटं बोलत नसत. त्यांनी विषय बदलला. मुलीने तो परत जागेवर आणला. शेवटी असं ठरलं की रविवारी ती गोटीला घेऊन येईल, तासभर घरात बसेल, आणि घर उबदार वाटलं तरच गोटीला ठेवून जाईल. नाहीतर गोटी सुट्टीला दुसऱ्या आजी-आजोबांकडे जाईल.

इथेच गुरुजींना खुपलं. व्याह्यांनी नुकतंच नवं घर घेतलं होतं आणि तिथलं यंत्र मुळीच आवाज करत नसे. ते चालू आहे की नाही हे कळावं म्हणून व्याह्यांनी जाळीला कागदाची एक पट्टी बांधली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते ती फडफडताना दाखवत. व्याही माणूस चांगला होता, पण कागदाची पट्टी का फडफडते हे मुलांना सांगावं असं त्यांच्या मनातही येत नसे. गुरुजींनी मात्र गोटीसाठी एक खोकाच तयार ठेवला होता. त्यात लोहचुंबक, भिंग, फुगे, मेणबत्त्या आणि तोंडावर रबर ताणून बसवलेली एक बरणी होती. खोका कपाटावर होता आणि गुरुजी दिवसातून एकदा तो खाली काढून पुन्हा वर ठेवत.

सल्ला मागावा लागला नाही. तो आपल्या पायांनी आला. शेजारच्या घरात दातांचे डॉक्टर राहत. त्यांनी यंत्राचा आवाज कान देऊन ऐकला, गुरुजींना "कधीपासून होतंय?" आणि "गारठ्याने वाढतं का?" असे दोन प्रश्न विचारले आणि सांगितलं की आतल्या गाळणीत घाण बसली असणार. काढा, घासा, बसवा. दात असो की यंत्र, डॉक्टरांचा विश्वास काढणं आणि घासणं या दोनच गोष्टींवर होता.

गुरुजी स्टुलावर चढले. गाळणी निघाली आणि तिच्याबरोबर एवढी धूळ खाली आली की मावशींना स्वयंपाकघरातून यजमान दिसेनासे झाले. गाळणी मोरीत साबण लावून घासली गेली. ती पुरती वाळू द्यावी असं मावशी म्हणाल्याही, पण रविवार डोळ्यांपुढे होता, आणि कोरड्या गरम वाऱ्यात ओली वस्तू लवकर वाळते हा तर खुद्द गुरुजींचाच धडा. त्यांनी ती ओलीच बसवली. धडा खरा ठरला. गाळणी सुरेख वाळली. मात्र तिच्यातली ओल आणि साबण घरभर वाटला गेला, आणि भिजलेल्या गोणपाटाला अत्तर लावल्यासारखा एक वास पडद्यांना, उशांना आणि गुरुजींच्या मिशांना येऊन चिकटला. यंत्राने स्वच्छ गाळणी लागल्याच्या उत्साहात घरघर केली आणि खट्टकन बंद झालं.

"गेलं," मावशी म्हणाल्या.

मग वरच्या मजल्यावरचे वकील उतरले. वास कसला येतोय हे बघायला ते आले होते, पण आल्यावर खुर्ची ओढून बसले. त्यांचं म्हणणं पडलं की यंत्र निर्दोष आहे, दोष घराचा आहे. एवढं मोठं यंत्र आणि एवढंसं घर. चार घास खाल्ले की पोट भरतं आणि ते हात धुऊन उठतं, त्याला भरपूर काम द्या, मग बघा कसं दमाने चालतं ते. घर मोठं कसं करायचं, असं गुरुजींनी विचारलं. वकिलांनी सगळी दारं उघडायला सांगितली. आतली उघडून भागत नसेल तर बाहेरचंही.

गुरुजींना या म्हणण्यात विज्ञान दिसलं. विज्ञान दिसलं की त्यांना दुसरं काही दिसत नसे. त्यांनी घरातलं एकूणएक दार उघडलं, कपाटांचीही उघडली, आणि शेवटी बाहेरचं दार सताड उघडं करून त्याला चपलेची टेकण दिली. जिन्यातला गारठा आत घुसला, भिंतीवरची डबी शहारली आणि यंत्र चालू झालं. ते चालतच राहिलं. गुरुजींच्या चेहऱ्यावर पहिल्या नंबराने पास झालेल्या मुलाचं हसू आलं. मावशींनी कानटोपी घातली.

घर काही गरम झालं नाही, पण जिना झाला. आधी तळमजल्यावरची मांजर वर आली आणि गुरुजींच्या पायपुसण्यावर झोपली. मग कामावरून परतणारी माणसं जिन्यात रेंगाळायला लागली. एरवी मान हलवून पुढे जाणारे लोक पायरीवर टेकून एकमेकांच्या मुलांची चौकशी करू लागले. दातांच्या डॉक्टरांनी तर पेपर वाचायला बाहेर खुर्चीच आणून टाकली. इमारतीत इतका जिव्हाळा याआधी कधी नांदला नव्हता. संध्याकाळी वकील पुन्हा खाली आले आणि त्यांनी गुरुजींच्या हातात एक नोटीस ठेवली. सामाईक जिन्यात खासगी उष्णता सोडण्यास सोसायटीच्या नियमांनुसार मनाई आहे, तरी सदर दार त्वरित बंद करावं, अशा आशयाची. खाली सेक्रेटरी म्हणून वकिलांचीच सही होती.

गुरुजी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत राहिले.

"सल्ला मी शेजारी म्हणून दिला होता, गुरुजी," वकील म्हणाले. "नोटीस सेक्रेटरी म्हणून देतोय. गैरसमज नसावा."

दार बंद झालं. मांजर आत राहायचं म्हणत होती, तिला उचलून बाहेर ठेवावं लागलं. आलं-गेलं पुन्हा सुरू झालं.

आता कंपनीला फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. फोनवर आधी संगीत वाजलं, मग एक मुलगी आली. आवाजावरून गुरुजींना ती आपल्या शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलींसारखी वाटली, म्हणून ते जरा सैलावले. तिने विचारलं, तक्रार काय लिहू? यंत्र चालत नाही, की यंत्र थांबत नाही? गुरुजी म्हणाले की यंत्र चालतं आणि थांबतंही. ती म्हणाली की मग तक्रार कशाची आहे? चालणं आणि थांबणं ही यंत्राची दोन्ही कामं ते करतंय. गुरुजींनी तिला उष्णता, हवा आणि डबी यांचा परस्परसंबंध सुरुवातीपासून समजावून सांगितला. तिने तो मनापासून ऐकला. मधून मधून "हो का?" असंही म्हणाली. शेवटी मात्र ती म्हणाली की काका, हे फार छान आहे, पण माझ्या पडद्यावर दोनच चौकोन आहेत. तुम्ही "चालत नाही" असं म्हणा ना, माणूस लगेच पाठवते. पण जे चालतंय ते चालत नाही असं गुरुजी म्हणणार तरी कसे? बरीच घासाघीस होऊन तिसरा एक चौकोन सापडला. त्यावर "इतर" असं लिहिलेलं होतं. "इतर"वाल्यांकडे माणूस जरा सावकाश येतो, हे ती सांगायला विसरली नाही.

तो आला शनिवारी. ऐटबाज, घाईतला, कानात कसलंसं यंत्र अडकवलेला. त्याने हॉलमधल्या जाळीच्या पात्या वर ढकलून आत बॅटरी मारली, गॅलरीतल्या धुडावर थाप दिली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. यंत्र सुरू झालं. आता थांबेल बघा, असं गुरुजी म्हणाले. यंत्र थांबलं नाही. ते एका लयीत, मन लावून, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर वर्गातलं सगळ्यात द्वाड कार्टं जसं हाताची घडी घालून बसतं, तसं चालत राहिलं. हॉल उबदार झाला. कारागिराने घाम पुसला. गुरुजींना तापाचं सोंग आणून शाळेला दांडी मारणाऱ्या मुलाच्या उलट वाटायला लागलं. ताप खरा होता आणि थर्मामीटर नाही म्हणत होता.

जाताना त्याने गुरुजींची सही घेतली. त्याच्या कागदावर लिहिलेलं होतं, "यंत्र उत्तम. ग्राहकाची समजूत काढली."

आयुष्यभर दुसऱ्यांची समजूत काढलेल्या माणसाला हे लागणारच. गुरुजी जेवण उरकून उठले. आरामखुर्चीत बसून राहिले. त्यांचे गुडघे गारठ्याने दुखत, म्हणून मावशींनी त्यांच्या पायांवर शाल टाकली, हॉलमध्ये इकडेतिकडे जरा आवराआवर केली आणि आत गेल्या. थोड्या वेळाने वर खट्ट झालं. आतून नेहमीचा एक शब्द आला. गुरुजींनी कपाटावरच्या खोक्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

रविवारी मुलगी ठरल्या वेळी हजर झाली. गोटीची भली मोठी बॅग तिने खांद्यावरून खाली उतरवली नाही, हे गुरुजींनी आत येतानाच टिपलं. तिने अंगातला कोटही काढला नाही. सोफ्यावर बसली आणि हिशेबाच्या वह्या तपासाव्यात तशी कान देऊन ऐकायला लागली. तेवढ्यात चौकशीला म्हणून वकील आले आणि वकील आलेले बघून डॉक्टर आले. दोघेही गुरुजींच्या बाजूचे होते. डॉक्टर म्हणाले की वास आता पुष्कळच कमी झालाय. वकील म्हणाले की दाराचं प्रकरण सामोपचाराने मिटलेलं आहे. मुलीने वास कसला आणि प्रकरण कुठलं हे विचारलं. मग दोघेही बराच वेळ छताकडे बघत राहिले.

यंत्र आलं. यंत्र गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. मुलीने कोटाचं वरचं बटण लावलं.

"बाबा, मला वाईट वाटतंय," ती म्हणाली. "पण तिचा खोकला तुम्ही बघितला नव्हता. पुढच्या सुट्टीत येईल ती."

गुरुजींनी मान हलवली. पुढच्या सुट्टीत व्याही अंगणात झोपाळा बांधणार आहेत हे त्यांना माहीत होतं. मावशी टेबलावरच्या वाट्या उगाचच सरळ करत राहिल्या.

गोटी मात्र डबीखाली उभी राहून वर बघत होती. "आजोबा, ते का थांबलं?"

एवढे दिवस गुरुजींना हा प्रश्न सगळ्यांनी विचारला होता, पण उत्तर हवं म्हणून कुणीच विचारला नव्हता. त्यांच्यातला मास्तर उठून उभा राहिला. उष्णता म्हणजे, अशी सुरुवात करून त्यांनी एक वाक्य म्हटलं, आणि गोटीचे डोळे खिडकीकडे वळलेले बघून गप्प झाले. इतक्या वर्गांत जे केलं तेच करायला हवं होतं. लहान मुलाला गोष्ट सांगायची नसते, त्याला गोष्टीत उभं करायचं असतं. त्यांच्या वर्गात मुलं पाण्याचे थेंब व्हायची, सूर्य व्हायची, एका वर्षी तर एक मुलगा अख्खा तास गुरुत्वाकर्षण होऊन जमिनीवर पडून राहिला होता.

"आता तू डबी," ते म्हणाले. "आणि मी यंत्र. डबीला दोनच शब्द येतात. अंगाला गार लागलं की म्हणायचं चालू. गरम झालं की म्हणायचं बंद. दुसरं काही बोलायचं नाही."

गोटी आरामखुर्चीवर चढली आणि भिंतीला पाठ टेकून खऱ्या डबीशेजारी ताठ उभी राहिली. "चालू," तिने हुकूम सोडला. गुरुजी गाल फुगवून घरघरत हॉलभर फिरू लागले. वकिलांना फुंकर घातली, डॉक्टरांना घातली. सोफ्याशी आल्यावर मुलीलाही घातली, आणि तिच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. फेरी अर्धी झाली असेल नसेल, तोच गॅलरीतलं खरं यंत्रही सुरू झालं. गुरुजींना आणखी जोर चढला.

"बंद," गोटी म्हणाली.

अजून कुठे, मी आत्ता तर निघालो, असं यंत्र झालेले गुरुजी म्हणाले.

"बंद. मला भाजतंय."

आणि भिंतीवरची डबी खट्टकन म्हणाली, तेच.

गुरुजी जिथे होते तिथे थांबले. गाल अजून फुगलेलेच होते. त्यांनी सावकाश हवा सोडली. "सोफ्यावर कसं वाटतंय?" त्यांनी मुलीला विचारलं. "गार," मुलगी म्हणाली. "आणि तुला?" गोटीला डबीच्या नियमाप्रमाणे दोनच शब्द बोलता येत होते, म्हणून तिने नुसतं बोट वर केलं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. समोरच्या जाळीच्या पात्या नीट वळवून खाली, बरोबर आरामखुर्चीवर रोखलेल्या होत्या. साऱ्या घरासाठी निघालेला गरम वारा सरळ खुर्चीवर आणि खुर्चीच्या वरच्या डबीवर येऊन आदळत होता. डबी बिचारी भाजून निघत होती, सगळं घर तापलं असं समजत होती आणि यंत्राला थांबवत होती. वारा थांबला की तीच कुडकुडून त्याला पुन्हा बोलवत होती.

"पण काल त्या माणसाने पात्या वर केल्या होत्या," गुरुजी म्हणाले. "ह्या परत खाली कुणी वळवल्या?"

मावशींनी हातातली वाटी टेबलावर ठेवली.

"मी," त्या म्हणाल्या. "थंडी पडल्यापासून मीच वळवते. झाडूच्या दांड्याने. तुमचे गुडघे दुखतात ना."

डॉक्टर आणि वकील एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. गुरुजींच्या डोळ्यांपुढून ओली गाळणी गेली, नोटीस गेली, "इतर"चा चौकोन गेला आणि ती काढलेली समजूतही गेली. खरं म्हणजे त्यांना रागवायचं होतं. तोंड उघडलंही, पण त्यातून आलं ते एवढंच.

"अगं, मला सांगायचं तरी."

"तुम्ही डॉक्टरांना विचारलंत, वकीलसाहेबांना विचारलंत, त्या फोनवरच्या पोरीला विचारलंत," मावशी म्हणाल्या. "मला कुठे विचारलंत?"

मुलगी उठली, तिने झाडू आणला आणि दांड्याने पात्या वर ढकलल्या. मग गोटीला खाली उतरवून तिने आरामखुर्ची ओढत ओढत डबीपासून दूर, खोलीच्या मधोमध आणली, आणि आईची शाल घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकली.

यंत्र सुरू झालं. ते चालत राहिलं. वारा सोफ्यावर आला, टेबलापाशी आला, दारापर्यंत जाऊन परतला. डॉक्टरांनी मफलर सोडला. वकिलांनी कुठल्याही नात्याने सल्ला दिला नाही. बऱ्याच वेळाने यंत्र आपणहून, पोटभर जेवून उठावं तसं थांबलं. आता सगळे पुढच्या घरघरीची वाट बघत बसले. मावशींच्या तोंडावर "गेलं" आलेलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. खोली उबदार होती आणि उबदारच राहिली. घरघर काही झाली नाही.

मुलीने कोटाचं वरचं बटण सोडलं. मग खांद्यावरची बॅग काढली आणि भिंतीशी नीट उभी करून ठेवली. तिच्यातली खोकल्याची बाटली कुठल्या कप्प्यात आहे हे तिने आईला सांगितलं, कानटोपीबद्दल सांगितलं, रोज फोन करीन म्हणाली.

तेवढ्यात गोटीने गुरुजींचा हात धरून त्यांना भिंतीशी नेलं. तिच्या मते तिची पाळी संपली होती. आता ती यंत्र आणि आजोबा डबी. पाठ टेकायची, हात सरळ, हलायचं नाही, आणि दोनच शब्द. गुरुजी पाठ टेकून ताठ उभे राहिले. गोटी गाल फुगवून घरभर घरघरत सुटली.

मुलीने चपला घातल्या, दारातून मागे वळून बघितलं आणि भिंतीला चिकटलेल्या वडिलांना हाक मारली.

"बाबा, निघू ना मी? करमेल ना तिला इथे?"

गुरुजींना पुष्कळ काही बोलायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. गोटीने स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं.

"चालू," गुरुजी म्हणाले.